मळलेली ट्यूब

दवाखान्यातल्या नर्स प्योबाईंनी मलमाची रिकामी ट्यूब हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "रोज लावता?"

"हो."

"सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा?"

"हो," मी म्हटलं.

दाओन तपासणीच्या टेबलावर माझ्या हाताला रेलून बसली होती. साडेदहा महिन्यांची पोर. दोन्ही गालांवर लाल, ओलसर चट्टे. कोपराच्या आणि गुडघ्याच्या घड्यांमध्ये कातडी अशी, की कोणी किसणीवर धरली असावी. खाजवू नये म्हणून हातांना सुती पिशव्या बांधल्या होत्या, तर ती पिशवीनेच गाल घाशी. पिशवी धरली की माझ्या स्वेटरवर घाशी.

डॉक्टर नाम चष्मा कपाळावर चढवून तिच्या कोपरावर वाकले. "ही तिसरी ट्यूब ना? तीन संपल्या आणि इसब जागचं हलत नाही." त्यांनी खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली. "मग याहून जोराचं मलम द्यावं लागेल. लहान आहे, पण करता काय."

मी दाओनच्या हाताची सैल झालेली पिशवी पुन्हा बांधू लागले.

"डॉक्टर," प्योबाई म्हणाल्या, "एक आठवडा हेच राहू द्या. लावण्यात काही चुकतंय का, मी बघते."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. एकोणतीस वर्षं एका दवाखान्यात काढलेल्या माणसांना फार बोलावं लागत नसावं. "बरं. एक आठवडा," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटचं नाव वाचू लागले.

दारातून बाहेर पडताना प्योबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "दाओनच्या आई, जायचं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसून राहायचं."

खरी गोष्ट सांगायची तर त्या तिन्ही ट्यूबा मी घरच्या बेसिनमध्ये पिळून टाकल्या होत्या. पांढरी वळी पाण्याने जात नाही, बोटाने ढकलावी लागते. ते करताना आपण मूर्ख आहोत असं मला एकदाही वाटलं नाही. उलट मुलीला वाचवतोय असंच वाटत होतं. मी ग्वांगजूच्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकले. दाओनच्या कातडीची माझ्याकडे वही होती. तारीख, मी काय खाल्लं, खोलीत दमटपणा किती, रात्री किती वेळा उठली, सगळ्याचे रकाने. अंगावर पाजते म्हणून अंडी, दूध, मैदा, सोयाबीन, सगळं मी एकेक करून सोडलं होतं, आणि कशाने काही फरक पडला नव्हता. आमच्या मोकपो शहरातल्या आयांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे. तिथे एका बाईने लिहिलं होतं, की त्या मलमाची मुलाला सवय लागते, कातडी कागदासारखी होते, आणि थांबवलं की दुप्पट उसळून येतं. खाली दोनशे बायकांनी "खरं आहे" लिहिलं होतं. दोनशे हा काही लहान आकडा नाही, असं मी, संख्याशास्त्र शिकलेली बाई, मनात म्हणाले.

शिवाय सासूबाई होत्या. त्या मुआनला, खेड्यात असतात, घरची कांद्याची शेती आहे. दर रविवारी फोनवर तेच. "आईच्या पोटातनं आलेली उष्णता हाय ती. तुझ्या नवऱ्याला बी होती. पोरगी मातीवर चालाय लागली की आपसूक उतरंल. औषिधं कशाला चोपडतीस?" आमच्याकडे सगळ्याच म्हाताऱ्या हे सांगतात. आम्ही राहतो चौदाव्या मजल्यावर. माती लांबूनच दिसते. पण दाओन उभी राहायला लागली होती, आणि मी नकळत वाट बघायला लागले होते.

मग ट्यूबा रिकाम्या करून आणायच्या कशाला? तर तो प्योबाईंचा नियम होता. रिकामी ट्यूब परत आणून दाखवल्याशिवाय त्या लहान मुलांचा कागद डॉक्टरांपुढे ठेवतच नसत. बघून झाली की टेबलाखालच्या बिस्किटांच्या डब्यात टाकून देत.

मी बाहेर बाकावर बसले. जुन्या बाजारातल्या बँकेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर हा दवाखाना, खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसायच्या. प्योबाई काउंटरवर फोन मानेत धरून बोलत होत्या. सत्तावन्नच्या असाव्यात. करडे केस कानामागे खोचलेले, पायांत रबरी सपाता, हातांत कायम पातळ रबरी मोजे आणि त्यांच्या आत सुती मोजे.

"नाही, लागण होत नाही. नाही. नवऱ्यालाही नाही... कोंबडी खा की. डुकराचंही चालेल... दारू? गोळ्या चालू आहेत तोवर नको. एक पेला म्हणजे पण दारूच ना हो."

फोन ठेवला की पुन्हा वाजे. "आंघोळ घाला, पाणी कोमट घ्या... घासणी नको. लावायची नाही म्हणजे नाही. मळ निघू द्या न निघू द्या." तोच आवाज, ना वर ना खाली. समोरच्याला पहिल्यांदाच प्रश्न पडलेला असायचा, आणि त्यांना उत्तर द्यायची कितवी वेळ, देव जाणे.

मग लिफ्टमधून ग्वाक आजोबा आले. आधी त्यांचा वास आला. सगळ्या बाकावर व्हिनेगरचा भपकारा.

"आजोबा, पायांचं लोणचं घालताय का?" प्योबाई जागेवरूनच म्हणाल्या.

"शेजाऱ्यानं सांगितलं. औषधाच्या दुकानातलं कडक असतं ना, त्यात भिजवायचे. किडे मरतात."

"दाखवा."

त्यांनी मोजा काढला. मी मान फिरवली. बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी होऊन लोंबत होती, खाली लालभडक मांस.

"किडे मेले की नाही माहीत नाही, पाय मेलाय," प्योबाई म्हणाल्या. "चार महिन्यांपूर्वी हेच सांगितलं होतं. त्याच्या आधीही सांगितलं होतं."

"अगं, सैन्यात होतो तेव्हापासूनच्या चिखल्या आहेत या. बायकोपेक्षा जुन्या."

"म्हणून बायकोपेक्षा जास्त लाड. चला, इथेच बसा."

प्योबाईंनी खाली बसून, आजोबांचा पाय आपल्या गुडघ्यावर घेऊन, सलाइनच्या पाण्याने धुतला. आजोबा मला म्हणाले, "ही फार ओरडते." प्योबाई ओरडत नव्हत्या. त्यांना ओरडताना मी कधीच ऐकलं नाही.

एक वाजता काउंटरवर पाटी उलटी झाली. प्योबाईंनी मला उपचाराच्या खोलीत नेलं, दाओनला टेबलावर ठेवलं आणि माझ्या तिन्ही ट्यूबा ओळीने मांडल्या.

"ही लावलेली ट्यूब नाही," त्या म्हणाल्या.



त्यांनी डब्यातून दुसऱ्या कोणाची तरी ट्यूब काढली. चुरगाळलेली, तेलकट, नाव पुसलेलं, झाकणाच्या आट्यांत लोकरीचा धागा अडकलेला. "अशी असते. रडतं पोर एका हातानं दाबून धरलेलं असतं. दुसऱ्या हाताचं बोट बरबटलेलं, त्याच बोटांनी झाकण लावायचं. तुमच्या बघा. शेपटीकडून घडी घातलीय, काठाला काठ जुळवून. हे निवांत बसलेल्या माणसाचं काम. आणि तुम्ही काही निवांत दिसत नाही."

"डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"ते ओरडले असते. तुम्ही परत आला नसता. मग ही पोर कुठे गेली असती?"

"तुम्हाला राग नाही आला?"

"रागाला ताकद लागते," प्योबाई म्हणाल्या. "कुठे ओतलंत?"

"बेसिनमध्ये."

"एकीने कुंडीत ओतलं होतं. झाडाला काही झालं नाही म्हणाली."

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी टेबलावर चढायच्या छोट्या स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. कट्टा, दोनशे बायका, वही, चौदावा मजला, माती. आणि हेही, की आज जोराचं मलम लिहून दिलं असतं तर तेही मी घरी नेऊन पिळलं असतं, आणि चौथी ट्यूब अशीच घेऊन आले असते.

त्यांनी सगळं ऐकलं. मग रबरी मोजे काढले, सुती मोजे काढले.

मी ते हात पहिल्यांदा पाहिले. प्रत्येक बोटाच्या टोकाला उभ्या भेगा, काहींत काळपट रक्त साकळलेलं. सांध्यांवरची कातडी जाड, करडी, सुकलेल्या माशासारखी. दाओनपेक्षा वाईट.

"दिवसाला साठ-सत्तर वेळा धुते," त्या म्हणाल्या. "घरी सासू अंथरुणाला खिळलीय, तिचं वेगळं. मलम लावलं की अर्धा तास हात कोरडे ठेवायचे असतात. आमच्याकडे अर्धा तास कोणाला मिळतो? लोकांना सांगते, 'लावा.' माझं मी लावत नाही. म्हणून लावणाऱ्याची ट्यूब ओळखू येते."

त्यांनी नवी ट्यूब उघडली आणि माझ्याच बोटाच्या शेवटच्या पेरावर मलमाची एक रेघ ओढली. "एवढं. एवढ्यात तुमच्या दोन तळहातांएवढी जागा झाली पाहिजे. जास्त नको, कमीही नको. घाबरून कमी लावलं तरी इसब जात नाही. चोळायचं नाही, पसरायचं. लावल्यावर कागदी रुमालाचा तुकडा ठेवला तर चिकटून राहिला पाहिजे. लावा."

"मी?"

"मग कोण? घरी मी येणार आहे का?"

मी लावलं. दाओनने मान झटकली, माझ्या बाहीला मलम लागलं, ट्यूब खाली पडली.

"मळली," प्योबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच किंचित हसल्या.

"कातडी पातळ होते म्हणतात."

"जोराचं मलम विचारल्याशिवाय महिनोन्‌महिने लावलं तर होते. हे सगळ्यात हलकं आहे, आणि दर आठवड्याला आम्ही बघणार आहोत. तिच्या उशीला रोज रक्त लागतं, त्याची भीती नाही वाटत? आणि ऐका, गाल गुळगुळीत झाले की दुसऱ्या दिवशी बंद करायचं नाही. दिवसाआड, मग दोन दिवसांआड. सगळ्या इथे चुकतात. बरं वाटलं की बंद, मग परत येतं, मग म्हणतात मलमानेच आलं."

दोनशे बायकांचं काय झालं असावं, ते मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी फडक्यात बांधलेला डबा काढला. एक रताळं, दोन उकडलेली अंडी. एक अंडं टेबलाच्या काठावर फोडून, त्या भेगाळलेल्या बोटांनी सावकाश सोलून माझ्यापुढे धरलं. "खा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं ना, अंड्याचा काही संबंध नाही. आई वाळली म्हणून कोणाचं इसब गेल्याचं मी पाहिलं नाही." मिठाची पुडी माझ्याकडे सरकवली. स्वतः मिठाशिवायच खाल्लं. मी बघतेय हे पाहून म्हणाल्या, "झोंबतं."

चार महिन्यांनी खाल्लेलं ते अंडं. दाओनच्या अंगावर काही उठतंय का, म्हणून मी चावताना तिच्याकडेच बघत होते.

*

आठव्या दिवशी गालांवरचा ओलेपणा गेला. विसाव्या दिवशी दाओन सलग पाच तास झोपली आणि मी दोनदा उठून तिचा श्वास चालू आहे ना ते पाहिलं. हातांच्या पिशव्या काढून टाकल्या. स्वतःची बोटं आहेत हे तिला नव्यानेच कळलं असावं. दिवसभर ती भाताची शितं वेचून तोंडात घालायची. वहीत लिहायला काही उरलं नाही. एक दिवस नुसतं "ठीक" लिहिलं, आणि मग वही कुठे ठेवली तेही विसरले.

एप्रिलमध्ये दवाखान्याच्या काचेवर कागद लागला. डॉक्टर नाम महिनाअखेर निवृत्त होत आहेत. जागा ग्वांगजूचे दोन तरुण डॉक्टर घेणार.

"म्हणजे दवाखाना राहणार," मी म्हटलं.

"राहणार," प्योबाई म्हणाल्या. "डाग काढणार, सुरकुत्या काढणार, लेझर लावणार. आजार नाही बघणार. त्याला वेळ फार जातो."

"आणि तुम्ही?"

"ठेवतायत. काउंटरवर. एवढ्या वर्षांची ओळखीची माणसं आहेत ना, ती येतील म्हणून." त्या फडक्याने टेबल पुसत होत्या. "हात झाकायला सांगितलंय. तिथे लोक हातांकडे बघतात म्हणे."

मला विचारायचं होतं की आमचं आता कोण बघणार. त्यांनी आधीच एका कागदावर मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरचं नाव लिहून ठेवलं होतं. "तिथे रांग असते. पण बाई चांगली आहे. आणि रिकामी ट्यूब घेऊन जा. ती विचारणार नाही, तरी घेऊन जा."

*

मे महिन्यात दाओनचा पहिला वाढदिवस मुआनला केला. सासूबाईंनी दृष्ट लागू नये म्हणून लाल घेवड्याच्या भुग्यात घोळवलेले ज्वारीचे उंडे केले होते. रीतीप्रमाणे पुढ्यात मांडलेल्या वस्तूंमधून दाओनने सुताची गुंडी उचलली. दीर्घायुषी होणार, असं सगळे म्हणाले. मग सासूबाई तिला उचलून कांद्याच्या शेतात घेऊन गेल्या, मोजे काढले आणि दोन वाफ्यांमधल्या लाल मातीत उभं केलं.

दाओन चार पावलं चालली. पाचव्याला बसली.

सासूबाईंनी तिचा गाल आपल्या हाताच्या पाठीने चाचपला. गुळगुळीत होता. सगळ्या आत्या-काकूंना त्यांनी एकेक करून हात लावायला लावला. "बघा. म्या म्हनत न्हवते? मातीला पाय लागला की उतरतीच. ह्या शिकलेल्या पोरींना काय सांगावं."

"आई पहिल्यापासून सांगत होती," माझा नवरा म्हणाला. सकाळी मी मलम लावताना त्यानेच दाओनला धरलं होतं, त्याच्या हातालाही ते लागलं होतं.

भांडण्याइतकी झोप माझी अजून पुरी झाली नव्हती. आणि सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. सहा महिने त्या फोनवर ज्या खात्रीने बोलायच्या, तिच्या मागे किती भीती होती ते मला त्या पाण्यात दिसलं. मी वाकून दाओनच्या पायांची माती झटकली. पिशवीत संपत आलेली ट्यूब होती, ती बोटांनी चाचपून पाहिली.

*

ट्यूब संपली तेव्हा मे अखेर होती. मोठ्या इस्पितळाची तारीख पुढच्या आठवड्याची होती. तरी मी दाओनला पाठीला बांधून जुन्या बाजारात गेले.

लिफ्टचं दार उघडलं तर सगळं पांढरं. बाक गेले होते, खुर्च्या आल्या होत्या. व्हिनेगर, मलम, ओले बूट, कशाचाच वास नाही. काउंटरमागे दोन तरुण मुली आणि त्यांच्या शेजारी, फिकट गुलाबी कोटात, हातात पांढरे शुभ्र मोजे घातलेल्या प्योबाई. केस रंगवले होते. समोर ग्वाक आजोबा उभे होते.

"आजोबा, इथे आता आजार बघत नाहीत," प्योबाई सांगत होत्या.

"मग तू इथं काय करतेस?"

"नावं लिहून घेते."

"व्हिनेगर सोडलं मी. तू ओरडलीस म्हणून." आजोबांनी खाली पायांकडे पाहिलं. "मग आता परत भिजवू का?"

"नका." शेजारच्या मुलीने मान वर केली. प्योबाई काउंटरवर पुढे झुकल्या, आवाज खाली आणला. "तेच मलम लावा. बेचक्यात, रोज. बरं वाटलं तरी महिनाभर लावा. पाय कोरडे पुसा. आणि शेजारी सांगतील ते उपाय करत बसू नका, बसस्थानकाजवळच्या इस्पितळात जा."

"प्योबाई," ती मुलगी गोड आवाजात म्हणाली, "उपचाराबद्दल डॉक्टर सांगतील ना."

"हो," प्योबाई म्हणाल्या.

आजोबा लिफ्टकडे वळले. मी पुढे झाले. "नाव नोंदवायचंय का?" प्योबाईंनी विचारलं, आणि मग ओळखलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून डोकावणाऱ्या दाओनच्या गालाकडे बघत होत्या. बराच वेळ.

"मुआनला मातीवर चालली," मी म्हटलं. "सासूबाई म्हणतात, त्यानेच गेलं."

"म्हणू द्या," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाला काहीतरी बरोबर आलेलं बरं असतं."

मी पिशवीतून ट्यूब काढून काउंटरवर ठेवली. पांढऱ्या दगडावर ती फारच घाण दिसत होती. मधूनच पिळलेली, तेलकट, नावाचं एक अक्षर शिल्लक नाही, एका बाजूला मुआनची लाल माती चिकटलेली. शेजारच्या मुलीने टिश्यूचा डबा हळूच पुढे सरकवला.

प्योबाईंनी उजव्या हाताचा मोजा काढला. बोटांच्या भेगा तशाच होत्या. त्यांनी ट्यूब उचलली, उलटी केली, सुलटी केली, झाकण फिरवून आटे पाहिले. त्यात दाओनचा एक केस अडकला होता.

"रोज लावलंत," त्या म्हणाल्या. या वेळी तो प्रश्न नव्हता.

"आधी सकाळ-संध्याकाळ. गाल गुळगुळीत झाल्यावर दिवसाआड, आता दोन दिवसांआड."

फोन वाजला. मुलीने उचलून "एक मिनिट" म्हटलं आणि प्योबाईंकडे पाहिलं. टेबलाखाली आता बिस्किटांचा डबा नव्हता. प्योबाईंनी ट्यूब कोटाच्या खिशात टाकली, मोजा एकेक बोट करत पुन्हा चढवला, आणि फोन घेण्यासाठी हात पुढे केला.